नमस्कार घालणारा राजा

आमच्या घरी पहाटे तंबोऱ्याच्या आधी अण्णांचा श्वास ऐकू येई. अण्णा म्हणजे माझे वडील. होळकर दरबाराच्या अगदी अखेरच्या वर्षांत, मिसरूडही नीट फुटले नव्हते अशा वयात, ते आजोबांच्या मागे तंबोरा घेऊन दरबारी बसू लागले. पुढे १९४८ साली दरबारच उरला नाही, तेव्हा त्यांची ती चाकरीही संपली. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. दरबार मी पाहिला नाही. पाहिला तो दरबारातून घरी आलेला शिस्तीचा उरलासुरला भाग. मागच्या चौकात एक जुने जाजम अंथरून अण्णा सूर्यनमस्कार घालीत. श्वास आत, श्वास बाहेर, मधूनच ओंकाराचा एक दीर्घ उच्चार, आणि मग घंघाळातल्या पाण्याचा आवाज. त्यानंतर तंबोरा जुळू लागे. गाणे शिकायचे म्हणजे आधी हे सारे करायचे असते, अशीच लहानपणी माझी समजूत होती.

ही सवय घरात कोठून आली, याची एक हकीकत अण्णा पुष्कळदा सांगत. १९३५ साली आपल्या इंदुरात मराठी साहित्य संमेलन भरले होते. अध्यक्ष होते औंध संस्थानचे अधिपती श्रीमंत भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. सारा महाराष्ट्र त्यांना बाळासाहेब या नावाने ओळखत असे. आजोबा संमेलनास गेले ते आठ वर्षांच्या अण्णांना बोटाशी धरून. अध्यक्षीय भाषणातले अण्णांना अर्थातच काही कळले नाही. त्यांच्या ध्यानात राहिला तो व्यासपीठावरचा पासष्टी ओलांडलेला, तरीही ताठ बसलेला माणूस. त्या वयात पाठ अशी कशी राहते, हे कोडे आजोबांनाही पडले असावे. कारण संमेलनाची पाहुणेमंडळी आपापल्या गावी परतली आणि आमच्या घरात सूर्यनमस्कार सुरू झाले.

२०१५ पासून दरसाल २१ जूनला जागतिक योगदिन साजरा होतो. मैदानांवर शेकडो माणसे एका तालात नमस्कार घालताना दिसतात. परदेशातल्या शहरांतूनही रबरी चटयांवर तेच चालते. हा व्यायाम ऋषिमुनींच्या काळापासून याच रूपात चालत आला आहे, असे बहुतेकांना वाटते. तो घरोघर पोहोचवण्यासाठी आयुष्य वेचलेल्या या राजाचे नाव मात्र क्वचितच कोणाच्या ओठी येते. वाचकांपैकी ज्येष्ठांना ते ठाऊक असेलच. तरुणांसाठी हा जीवनपट थोडक्यात मांडतो. मांडण्यामागे माझे एक खाजगी ऋणही आहे. त्याविषयी शेवटी सांगेन.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. छत्रपती राजाराम महाराजांच्या धामधुमीच्या काळात प्रतिनिधी हे पद निर्माण झाले आणि पुढे ते किन्हईच्या परशुराम त्र्यंबकांच्या घराण्यात वंशपरंपरेने स्थिरावले. औंध ही त्या घराण्याची गादी. संस्थान अगदी चिमुकले, सत्तर-बहात्तर गावांचे, आणि तीही एका ठिकाणी नव्हेत. औंध, कुंडल, आटपाडी आणि पार विजापुराकडचे गुणदाळ, असे त्याचे तुकडे विखुरलेले. जमीन बरीचशी कोरडी, पावसाची वाट पाहणारी. आपल्या होळकरांच्या किंवा गायकवाडांच्या राज्याशी तुलना केली तर औंध म्हणजे एखादा तालुकाच म्हणावा.

बाळासाहेब श्रीनिवासरावांचे धाकटे चिरंजीव. गादी आपल्याकडे येईल असे मानून ते वाढले नव्हते. त्यांनी कॉलेजचे शिक्षण घेतले, बी. ए. झाले आणि वडिलांच्या कारभारात कामही केले. १९०१ साली श्रीनिवासराव निवर्तले. थोरले बंधू गादीवर बसले, तेही १९०५ साली गेले. मग पुतण्या आला. त्याची कारकीर्द चार वर्षांतच संपली. १९०९ साली इंग्रज सरकारने त्याला पदच्युत केले. अशा रीतीने वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, घराण्यावर मळभ दाटलेले असताना, बाळासाहेबांच्या हाती संस्थान आले. चाळिशी उलटल्यावर अचानक अंगावर येणाऱ्या भाराने माणूस खचतो तरी किंवा सावरतो तरी. त्यांना सावरण्यास काय उपयोगी पडले असेल, याचा विचार करताना त्याआधीच्या दहा-बारा वर्षांकडे पाहावे लागते.

त्या काळी युरोपात यूजीन सँडो या मल्लाचे नाव गाजत होते. पिळदार देह, डंबेल्स, ताणावयाच्या स्प्रिंगा आणि आरशासमोर उभे राहून करावयाचे व्यायाम, असा त्याचा थाट. त्याची पुस्तके आणि साधने हिंदुस्थानातही येऊ लागली होती. १८९७च्या सुमारास बाळासाहेबांनी ती मागवली आणि सुमारे दहा वर्षे ते नेमाने त्या पद्धतीचा व्यायाम करीत राहिले. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पुढे ज्यांनी देशी व्यायामाचा एवढा पुरस्कार केला, त्यांनी परदेशी पद्धत न पाहताच झिडकारली नव्हती. दहा वर्षे करून पाहिली आणि मग सोडली. गाण्यातही एखाद्या घराण्याची गायकी आपल्या गळ्याला मानवत नाही असे म्हणण्याचा अधिकार, ती काही वर्षे मनापासून गाऊन पाहिल्यावरच मिळतो.

बदल घडला तो मिरजेच्या अधिपतींमुळे. मिरजकर पटवर्धन सूर्यनमस्कार घालीत. त्यांचे उदाहरण पाहून बाळासाहेबांनीही ते सुरू केले. महाराष्ट्रात नमस्कार घालण्याची रीत जुनीच. तालमीत दंड असत, देवघरात साष्टांग नमस्कार असत आणि मुंजीनंतर मुलाला संध्येबरोबर नमस्कारही शिकवण्याची चाल कित्येक घरांत होती. पण त्यात सर्वत्र सारखी अशी पद्धत नव्हती. बाळासाहेबांनी ती बसवली. शरीराच्या दहा अवस्था ठरवल्या. कोणत्या अवस्थेत श्वास घ्यायचा, कोणत्या अवस्थेत सोडायचा, गुडघा कोठे टेकायचा, हात जमिनीवर एकदा ठेवले की ते जागचे कसे हलू द्यायचे नाहीत, हे सारे नेमून दिले. प्रत्येक नमस्काराआधी ओंकार, ह्रां-ह्रीं इत्यादी बीजमंत्र आणि मित्र, रवी, सूर्य, भानू अशी सूर्याची बारा नावे, यांचा स्वच्छ उच्चार असे. साधन काही नको, खर्च नको, फार जागाही नको. माणूस हात पसरून पडू शकेल एवढी फरशी पुरे.

दहा अवस्थांची गोष्ट निघाली की अण्णा हटकून आपल्या धंद्यावर येत. हा सारा झपतालच आहे, असे ते म्हणत. दहा मात्रा, आणि समेवर पुन्हा हात जोडून उभे. मला त्या पद्धतीत आणखी एक गोष्ट गवयाच्या नजरेने दिसते. बाळासाहेबांनी व्यायामात आवाज आणला. डंबेल्स उचलणारा माणूस दात-ओठ खातो, तर नमस्कार घालणारा बीजमंत्र उच्चारतो. आणि उच्चार करायचा म्हटला की श्वास आपोआप लांबतो. खर्जाचा रियाज करणाऱ्यास हे वेगळे सांगावे लागत नाही. ज्या दिवशी मन धावत असते त्या दिवशी श्वास तोकडा पडतो, आणि श्वास लांबवला की मनाची धाव थोडी कमी होते. बाळासाहेबांचा असा विश्वास होता की या ध्वनींचा शरीरातील निरनिराळ्या इंद्रियांवर परिणाम होतो. त्यातला तपशील आजच्या विज्ञानाच्या कसोटीस उतरेलच असे नाही. पण २००१ साली इटलीतील डॉक्टरांनी जपमाळेची प्रार्थना आणि एक मंत्र यांच्या उच्चारावर प्रयोग केले. त्या लयबद्ध उच्चाराने श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदयाच्या गतीवर त्याचा इष्ट परिणाम होतो, असे त्यांना आढळले. तेव्हा राजाची वाट अगदीच चुकली नव्हती.

हा व्यायाम त्यांनी स्वतःपुरता ठेवला नाही. संस्थानातील शाळांत नमस्कार सक्तीचे केले. राजवाड्यात राणीसाहेब आणि मुलेही ते घालीत. स्त्रियांनी व्यायाम करावा, हे त्या काळी म्हणणेसुद्धा धाडसाचे होते. औंधच्या राजाने ते आपल्या घरापासून सुरू केले आणि मग लोकांना सांगितले. व्याख्याने दिली, प्रात्यक्षिके करून दाखवली. १९२८च्या सुमारास त्यांचे सूर्यनमस्कारांवरील इंग्रजी पुस्तक निघाले. १९३६ साली ते इंग्लंडला गेले असता लुईस मॉर्गन नावाच्या एका पत्रकार बाईंना या राजाविषयी कुतूहल वाटले. त्यांनी लंडनच्या वृत्तपत्रातून या व्यायामाची माहिती दिली आणि पुढे १९३८ साली त्यांच्याच संपादनाखाली लंडनमधून पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याचे नावही दहा अवस्थांवरूनच ठेवले होते. योगासनांच्या लाटेच्या कितीतरी आधी, एका मराठी संस्थानिकाचा व्यायाम अशा रीतीने विलायतेतल्या घरांत शिरला.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. बाळासाहेब आपल्या विषयात भक्त होते आणि भक्ताचे बोलणे नेहमीच मोजून-मापून नसते. नमस्कार नियमाने घातले तर बहुतेक रोग जवळ फिरकणार नाहीत, अशी त्यांची श्रद्धा होती. तेवढे पदरात पाडून घेता येत नाही. शाळेत सक्ती करून किती मुलांना त्याची गोडी लागली असेल, हाही प्रश्न आहेच. मी शिक्षक आहे. सक्तीने सरगम घोटवता येते, पण गाणे आवडायला लावता येत नाही, हे रोज पाहतो. तरीही या माणसाच्या बाजूने एक मुद्दा राहतो. जे दुसऱ्याला सांगितले ते त्याने स्वतः आधी केले आणि म्हातारपणापर्यंत करीत राहिला.

त्यांचे बाकीचे आयुष्य पाहिले तर केवळ शरीर कमावणारा हा माणूस नव्हता, हे ध्यानात येते. ते उत्तम कीर्तन करीत. राजा स्वतः देवळात उभा राहून कीर्तन करतो आणि प्रजा समोर बसून ऐकते, हे दृश्य औंधच्या लोकांच्या सवयीचे होते. ते चित्रकार होते. रामायणावरची त्यांची चित्रे १९१६ साली ग्रंथरूपाने निघाली. अजिंठा आणि वेरूळ या दोन्ही लेण्यांवर त्यांनी पुस्तके लिहिली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची संशोधित आवृत्ती काढावी, यासाठी १९१८ साली एक लाख रुपये देण्याचे त्यांनी कबूल केले. एवढ्याशा संस्थानाच्या मानाने ही रक्कम किती मोठी, याचा विचार करावा. वेदांचे पंडित सातवळेकर हद्दपारीसारखे भटकत असताना औंधला आले आणि त्यांचा स्वाध्याय मंडळ कितीतरी वर्षे तेथेच नांदला. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावात कारखान्याला जागा उरली नाही, तेव्हा १९१०च्या सुमारास बाळासाहेबांनी कुंडलजवळचा माळ दिला. त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

आणि आम्हा गाणाऱ्यांच्या दृष्टीने सांगायचे तर बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य अंतुबुवा जोशी हे औंधचे दरबारी गवई. ग्वाल्हेरची गायकी बाळकृष्णबुवांनी दक्षिणेत नेली, हे आपल्याकडच्या वाचकांना सांगायला नको. तिची एक फांदी औंधच्या डोंगराखाली रुजली. अंतुबुवांचे चिरंजीव गजाननबुवा गायक आणि व्हायोलिनवादक म्हणून देशभर नावाजले. औंधचा संगीत महोत्सव आजही रसिकांना ठाऊक आहे.

१९३८ साली यमाईच्या डोंगरउतारावर बाळासाहेबांनी चित्रसंग्रहालय उभारले. राजवाड्यातल्या भिंतींवरची चित्रे लोकांना पाहता यावीत म्हणून ती राजवाड्याबाहेर काढली. राजा रविवर्म्याची चित्रे तेथे आहेत आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे माता व बालक हे दगडी शिल्पही आहे. मी ते पाहून आलो आहे. त्या आडगावात, ऊन डोक्यावर घेऊन डोंगर चढून गेल्यावर, एवढे वैभव शांतपणे ठेवलेले पाहून माणूस चकित होतो.

त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी आयुष्यातला सर्वांत मोठा निर्णय जाहीर केला. वय सत्तर. राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवायचा. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलंडहून आलेले, भारतानंद हे नाव घेतलेले इंजिनिअर या कामात पुढे होते. महात्मा गांधींचा सल्ला घेऊन घटना तयार झाली आणि जानेवारी १९३९ मध्ये ती अमलात आली. पाया ग्रामपंचायतीचा. ज्या काळात इतर संस्थानांत प्रजा परिषदेच्या कार्यकर्त्यांना तुरुंग दाखवला जात होता, त्या काळात एका राजाने आपणहून सत्ता खाली ठेवली.

सूर्यनमस्कार आणि हे सत्तादान यांचा काय संबंध, असे कोणी विचारील. मी ओढूनताणून जोडत नाही. पण एक गोष्ट मनात येते. रोज पहाटे जो माणूस जमिनीवर कपाळ टेकवतो, आणि तेही शिपायासमोर, मुलांसमोर, शाळेतल्या पोरांबरोबर, त्याला गादीवरून खाली उतरणे इतरांइतके जड जात नसावे.

त्याच साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. हा भिंती नसलेला तुरुंग. शिक्षा झालेल्या कैद्यांनी उघड्या माळावर राहायचे, शेती करायची, बायकामुलांना जवळ आणायचे. कल्पना फ्रीडमन यांची, पाठबळ राजाचे. गुन्हेगाराच्या मनावर बंद कोठडीचा काय परिणाम होतो आणि मोकळ्या आभाळाखालच्या अंगमेहनतीचा काय होतो, हे औंधने प्रत्यक्ष करून पाहिले. औंध संस्थानातच वाढलेले ग. दि. माडगूळकर यांनी पुढे या प्रयोगावरून कथा रचली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली त्यावर ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. तो आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. त्यातला माळ मूळचा आटपाडीचा, एवढे लक्षात ठेवावे.

८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई राज्यात विलीन झाले. १३ एप्रिल १९५१ रोजी बाळासाहेब निवर्तले. वय ब्याऐंशी. अप्पासाहेबांनी पुढे देशाचे राजदूत म्हणून काम केले आणि १९७० साली सूर्यनमस्कारांवर इंग्रजीत पुस्तक लिहून वडिलांचा वसा पुढे चालवला.

त्याच १९४८ साली इकडे इंदुरात आमचे आजोबा बेकार झाले. राजाचे राज्य गेले याची इतिहासात नोंद होते, गवयाचा पगार गेला याची होत नाही. आजोबांना दुसरे काही येत नव्हते. शिकवण्या मिळत, पण तुरळक. आकाशवाणीचे इंदूर केंद्र निघाले ते १९५५ साली. मधली सात वर्षे कशी काढली ते घरातल्या माणसांनाच माहीत. ज्यांच्या हातात काम उरले नव्हते असे त्यांचे एक-दोन सोबती दिवसभर ओट्यावर बसून जुन्या मैफलींच्या आठवणी काढीत आणि हळूहळू खचत गेले, असे अण्णा सांगत. आजोबा मात्र पहाटे उठून नमस्कार घालीत, तंबोरा लावीत आणि ऐकायला कोणी नसले तरी दोन तास गात. पोटाचा प्रश्न त्याने सुटला नाही. पण सकाळी उठण्याला कारण राहिले, आणि माणूस घरच्यांवर चिडचिडत बसला नाही. अण्णांनी ते पाहिले होते, म्हणून त्यांनीही जाजम कधी गुंडाळून ठेवले नाही.

ते गुंडाळले मी. कॉलेजात गेलो, हे सारे जुनाट वाटू लागले. गवयाने श्वास गाण्यासाठी राखून ठेवावा, असा एक सबबवजा सिद्धांतही मी काढला होता. अण्णा त्यावर काही बोलले नाहीत. ते सत्त्याऐंशीव्या वर्षी गेले. शेवटच्या आजारापर्यंत रोज निदान दोन तरी नमस्कार घालीत होते.

ते गेल्यानंतर काही महिन्यांनी मला जे झाले त्याला आधी मी दुःखच समजत होतो. पहाटे तीनला झोप मोडे ती पुन्हा लागत नसे. तंबोरा जुळवून बसे, पण षड्ज लावावासा वाटत नसे. विद्यार्थी समोर गात असत आणि त्यांचा सूर चुकला काय नि बरोबर लागला काय, मला सारखेच. ही गोष्ट मी कोणाजवळ बोललो नाही. गवयाच्या मुलाला गाणे नकोसे झाले हे सांगायची लाज वाटे. शेवटी बायकोने हट्टाने डॉक्टरांकडे नेले. त्यांनी याला नैराश्य म्हणतात, हा आजार आहे, असे समजावून सांगितले. गोळ्या दिल्या आणि रोज अंग हलवा, निदान चाला, असे बजावले.

मी काही दिवस राजवाड्यापासून कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपर्यंत चालत असे. मग एकदा माळा साफ करताना अण्णांचे जाजम सापडले. झटकले, चौकात टाकले आणि सहा नमस्कार घातले. सहाव्याला धाप लागली, दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखून आल्या. चमत्कार काही झाला नाही. आठ दिवसांनी बारा झाले. तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात रात्री सलग झोप लागली. दोन-अडीच महिन्यांनी एका मुलीचा कोमल गांधार जरा चढा लागला आणि मी तिला थांबवले. थांबवल्यावर माझ्या ध्यानात आले की आपल्याला तो खटकला. गोळ्या पुढे काही महिने चालू होत्या. डॉक्टरांनी सांगितले तेव्हाच त्या कमी केल्या, मनाने नव्हे.

नंतर मी या विषयावर थोडे वाचले. १९९९ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात नैराश्याने पछाडलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या १५६ स्त्री-पुरुषांचे तीन गट केले. एका गटाला औषध, दुसऱ्याला व्यायाम, तिसऱ्याला दोन्ही. सोळा आठवड्यांनी तिन्ही गटांत जवळपास सारखाच उतार दिसला. औषधाचा गुण मात्र लवकर येतो, असेही आढळले. २०११ साली दुसऱ्या एका अभ्यासात १२० वृद्धांपैकी काहींना वर्षभर नेमाने चालवले, तर मेंदूतला स्मरणाशी संबंधित भाग वयाप्रमाणे झिजण्याऐवजी सुमारे दोन टक्क्यांनी वाढला. राजाजवळ असली साधने नव्हती. स्वतःच्या देहावर वर्षानुवर्षे केलेला अनुभव, एवढाच त्याचा पुरावा. त्याने दावा जास्त केला, हे खरे. पण मूळ गोष्ट बरोबर ओळखली होती. एवढे मात्र वाचकांना विनंतीपूर्वक सांगतो, की घरात कोणी असे मिटून गेले असेल तर त्याला नुसते नमस्कार घाल म्हणून सांगू नये. आधी डॉक्टरांकडे न्यावे. ज्याला अंथरुणातून उठवत नाही त्याला व्यायामाचा उपदेश टोचतो, हे मी सोसले आहे. आपणच त्याच्याबरोबर चालायला निघावे, ते अधिक बरे.

आता माझ्या वर्गात सकाळच्या तुकडीला गाण्याआधी चार नमस्कार असतात. सक्ती नाही. ज्याला नको तो त्या वेळात तंबोरे जुळवतो. पहिल्या वर्षी तंबोरे जुळवणारे पुष्कळ होते. हल्ली तंबोरे बहुधा मलाच जुळवावे लागतात. कोणी विचारले की हे कोणी बसवले, तर मी औंधच्या बाळासाहेबांचे नाव सांगतो, आणि आपल्या गावच्या संमेलनाचे ते अध्यक्ष होते हेही सांगतो.

साताऱ्याकडे कधी जाणे झाले तर औंधला जरूर जावे. यमाईचे दर्शन घ्यावे, संग्रहालय पाहावे. डोंगर चढताना दम लागला तर वाटेत थांबावे आणि श्वास जागेवर आला की पुढे निघावे.